गच्चीवरचं विमान आणि वांगणीतलं पार्किंग

पोस्ट लांब आहे. कर्जत लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर वाचा, लटकत असाल तर घरी गेल्यावर.

मागच्या रविवारी एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याचा फोन आला. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड असली कामं करणारा माणूस. म्हणाला, "दादा, माझ्या भाच्याने आणि त्याच्या दोस्ताने विमान बनवलंय. या बघायला. आणि बातमी लावा, फोटोसकट."

गेलो. वांगणी स्टेशनपासून रिक्षाने दहाएक मिनिटं. सेकंड होमच्या एका स्कीममधला बंगला, मालक मुंबईला, वर्षातून दोनदा येणारा. त्याच्या पार्किंगमध्ये कारच्या जागी हे उभं. ॲल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, मोपेडची चाकं, एका मोटरसायकलचं इंजिन, पाठीमागे लाकडी पंखा. बसायला प्लास्टिकची खुर्ची, पाय कापून बोल्टने आवळलेली. मालकाला माहीत आहे का, विचारलं तर "हो हो, माहिताय" असं जरा घाईत उत्तर आलं. मी खोलात गेलो नाही.

हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पोरांनी काम मनापासून केलंय. आर्गॉनचं वेल्डिंग इतकं साफ की बोट फिरवावंसं वाटतं. एक आयटीआय झालेला, दुसऱ्याची बारावी अर्धवट. "उडवणार कधी?" विचारलं. म्हणाले, "बातमी आली की परवानगी मिळेल ना?"

हे वाक्य डोक्यातून जाईना. आधी बातमी, मग परवानगी. हसण्यावारी नेता येत नाही, कारण आपल्या महाराष्ट्रात एका माणसाच्या बाबतीत जवळजवळ असंच झालंय. त्याची गोष्ट नीट सांगतो, मग पोरांकडे परत येतो.

कांदिवलीच्या चारकोपमध्ये एक पाच मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. त्यात यादव कुटुंब राहतं, एकत्र कुटुंब, एकोणीस माणसं. मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांच्यातले अमोल यादव वैमानिक. अमेरिकेत जाऊन विमान चालवायला शिकले, पुढे जेट एअरवेजमध्ये कॅप्टन झाले. हा माणूस दिवसा लोकांना एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचवायचा आणि सुट्टीत घराच्या गच्चीवर जाऊन स्वतःचं विमान बांधायचा. खेळण्यातलं नाही, सहा आसनी विमान. १९९८ पासून हा नाद. आधीचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यासाठी जमिनीवर जागा कुठून आणणार, मुंबईत? म्हणून गच्ची.

आता ही गच्ची डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात वर ताडपत्री. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं सामान, सगळं जिन्यावरून खांद्यावर चढवलेलं. परदेशातून मागवलेलं इंजिन, वजन १८० किलोच्या आसपास, तेही त्याच अरुंद जिन्याने. आपल्याकडे फ्रिज दुसऱ्या मजल्यावर चढवायचा तर चार माणसं आणि चौदा सल्ले लागतात. इथे पाच मजले आणि इंजिन. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही याचं मला विमानापेक्षा जास्त कौतुक आहे.

घरात विमान बांधणं म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कारखान्यात मोठमोठी यंत्रं असतात, घरात माणूस आणि त्याचा वेळ. नेहमीच्या धातूच्या छोट्या विमानाचं अंग म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा, जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. पत्रा कापायचा, कडा घासायच्या, भोकं पाडायची, प्रत्येक भोकाची किनार साफ करायची, कारण तिथे बारीकसा ओरखडा राहिला तरी वर्षा-दोन वर्षांनी थरथरीने तिथूनच तडा जातो. मग तात्पुरत्या पिनांनी पत्रा धरून ठेवायचा आणि रिव्हेट मारायचे. रिव्हेटला दोन माणसं लागतात, एक बाहेरून हातोडी-गन धरणारा आणि एक आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणारा. असे हजारो रिव्हेट. म्हणजे घरचं विमान एकट्याचं कधीच नसतं. भाऊ, बायको, मेहुणा, कुणीतरी आत वाकून ठोकळा धरलेला असतो. यादवांच्या घरातला साठवलेला पैसा आणि माणसं, दोन्ही त्यात गेली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चं मोठं प्रदर्शन भरलं. जागा संपली, असं यादवांना आधी सांगण्यात आलं. त्यांनी पिच्छा सोडला नाही. मग विमानाचे भाग सुटे केले, क्रेन लावून गच्चीवरून खाली उतरवले, ट्रकने नेले, मैदानावर परत जोडले. आणि त्या आठवड्यात देशोदेशीचे पाहुणे, मोठमोठ्या कंपन्यांचे स्टॉल सोडून लोक या चारकोपच्या विमानाभोवती जमले. पेपरांचे रकाने भरले. मी तेव्हा इथल्या एका साप्ताहिकात होतो, आम्हीही छापलं. आम्हाला वाटलं, झालं, आता उडणार.

उडायला साडेचार वर्षं लागली.

या साडेचार वर्षांवर येण्याआधी थोडं मागे जातो, कारण विमान म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव वेगळंच निघतं. शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विनामाणसाचं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तळपदे खरे होते, त्यांना विमानाचा ध्यास होता, हेही खरं. पण उड्डाणाचा त्या काळचा पक्का पुरावा आजवर कुणी टेबलावर ठेवलेला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो, ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी १९७४ साली बारकाईने तपासलं. निष्कर्ष सरळ होता: ग्रंथ विसाव्या शतकातला, १९०४ च्या आधीचा नाही, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत.

मला यात तळपद्यांची चेष्टा करायची नाही. सांगायचंय ते तारखांचं. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात सायन्स काँग्रेस भरली, तिथे प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि महिनाभर टीव्हीवर तेच. बाजूने बोलणारे, विरोधात बोलणारे, सगळे आवाज चढवून. नेमक्या त्याच दिवसांत कलिन्यापासून काही स्टेशनं पलीकडे एका गच्चीवर खरं विमान जोडलं जात होतं. तिकडे एकही कॅमेरा गेला नाही. दोष कुणाला देऊ, मी पण टीव्हीच बघत होतो.

खऱ्या विमानांच्या मराठी इतिहासात दोन नावं आहेत आणि ती आपण फारशी घेत नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९३९ साली प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या विमानप्रवासात त्यांची एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली, त्या गप्पांतून कारखान्याची कल्पना निघाली. इंग्रज सरकार हिंदी माणसाने विमान बनवण्याला फारसं उत्सुक नव्हतं. म्हैसूर संस्थानाने हात दिला, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. दुसरं नाव कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्यॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले. विमानाचा पंख हवेत का टिकतो याचं गणित ज्यांनी जगाला दिलं, त्यांच्यातला प्रांट्ल हा मोठा माणूस. घाटगे परत आले, एचएएलमध्ये आधी ग्लायडर केला आणि मग एचटी-२ हे प्रशिक्षण विमान. ते ५ ऑगस्ट १९५१ ला उडालं. भारतीय माणसाने आखलेलं, भारतात बांधलेलं, आणि पुढे कित्येक वर्षं हवाईदलाची पोरं त्याच्यावर शिकली. ही गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही, कारण यात वाद नाही, पुरावा आहे.

फरक लक्षात घ्या. घाटग्यांच्या मागे कारखाना होता. परीक्षण करणारी माणसं, चाचणी वैमानिक, वाळूच्या पिशव्या लादून पंख कुठे मोडतो ते बघायची सोय. यादवांच्या मागे गच्ची होती. गच्चीवरच्या माणसाने जायचं कुठे, हा प्रश्न आपल्या व्यवस्थेने कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

दुसऱ्या देशांनी तो विचारला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी नावाच्या माणसाने १९५३ साली घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. काम सुरू झालं त्याच्या घराच्या तळघरातून. १९५५ मध्ये तिथल्या एका यंत्रविषयक मासिकाने त्याच्या छोट्या विमानाचे आराखडे छापले, आठशे डॉलरच्या आत घरी विमान बांधा म्हणून, आणि गॅरेजा-गॅरेजांतून कामं सुरू झाली. आज ऑशकॉशला दरवर्षी त्यांची जत्रा भरते. जत्राच म्हणायची, दुसरा शब्द नाही. हजारो विमानं, माणसं तंबू ठोकून पंखांखाली झोपतात.

पण त्यांनी नुसती हौस मोकळी सोडली नाही. नियम असा की विमानाचं निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं पाहिजे. काम झालं की तपासनीस येतो. मग एक ठरलेला भाग दिला जातो, वस्तीपासून दूरचा, आणि तिथे पहिले २५ किंवा ४० तास उडवून दाखवायचं, प्रवासी न घेता. दारापाशी ठळक अक्षरात लिहायचं 'प्रायोगिक'. आत पाटी लावायची की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षानियम ते पाळत नाही. म्हणजे जो बसेल तो वाचूनच बसेल. इंग्लंडमध्ये याहून चिकट पद्धत. तिथे संघटनेचेच निरीक्षक असतात, ते काम चालू असताना तुमच्या शेडमध्ये येतात. पंख बंद करण्याआधी आतून बघतात, सही करतात, मगच पुढचा पत्रा. एक केरळी इंजिनीअर लंडनजवळ एसेक्समध्ये राहतो, त्याने लॉकडाऊनमध्ये घरामागच्या शेडमध्ये दक्षिण आफ्रिकेहून सुटे भाग मागवून चार आसनी विमान जोडलं. २०२२ मध्ये बायको-मुलींना घेऊन युरोप फिरून आला. विमानाला धाकट्या मुलीचं नाव, दिया. आपल्या व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ 'भारतीयाची कमाल' म्हणून फिरला. कमाल आहेच. पण त्या शेडमध्ये येऊन सही करणारा निरीक्षक व्हिडिओत कुणाला दिसला नाही.

तर साडेचार वर्षं. यादवांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, अर्ज केलेला होता. अर्ज केला तेव्हा हौशी बांधणीसाठी एक नियम होता, मध्येच तो बदलला. नव्या नियमात एकट्यादुकट्या व्यक्तीला विमान बांधायची वाटच राहिली नाही. विमान गच्चीवर पूर्ण होत होतं आणि कागदावर ते अस्तित्वात असू शकत नव्हतं. फाइल फिरत राहिली. शेवटी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातलं, प्रकरण पंतप्रधानांपर्यंत नेलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली. नोंदणीचा क्रमांक व्हीटी-एनएमडी. यातली अक्षरं नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांच्यावरून घेतली, असं यादवांनीच सांगितलं.

काही मित्र यावर हसले, काही चिडले. मला दोन्ही पटलं नाही. माणसाला ज्याने दार उघडून दिलं त्याचं नाव तो दारावर लिहिणार. मला खटकलं ते वेगळं. एका विमानाच्या नोंदणीला मुख्यमंत्री लागावा? उद्या दुसऱ्या कुणाचं विमान तयार झालं आणि मुख्यमंत्र्यांना वेळ नसला तर? तिसऱ्याचं काय? यादवांसाठी दार उघडलं, पण ते दार त्यांच्यापुरतंच उघडलं. मागून येणाऱ्यांसाठी रस्ता झाला नाही.

पुढची गंमत बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' परिषदेत राज्य सरकारने यादवांच्या कंपनीबरोबर सामंजस्य करार केला. आकडा ३५,००० कोटी रुपये. पालघरमध्ये १५७ एकर जागा, तिथे एकोणीस आसनी विमानांचा कारखाना. मथळे तुम्हाला आठवत असतील. पण त्या दिवशी गच्चीवरचं सहा आसनी विमान एकदाही जमिनीवरून उचललेलं नव्हतं. उडवायची परवानगीच नव्हती. ती आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. तोवर त्यांची नोकरी जिथे होती ती जेट एअरवेजच एप्रिलमध्ये बंद पडलेली. चाचण्या सुरू झाल्या धुळ्याच्या धावपट्टीवर, आणि ऑगस्ट २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन धुमाळीत, चाचणीचा पहिला टप्पा पार पडला. तेव्हा पानभर बातमी कुणी दिली नाही. पानं रुग्णसंख्येने भरलेली होती.

क्रम परत एकदा वाचा. आधी प्रदर्शन, मग बातमी, मग नोंदणी, मग पस्तीस हजार कोटी, मग उडण्याची परवानगी, मग उड्डाण. जिथे हे नीट चालतं तिथे क्रम बरोबर उलटा असतो. आमच्या पार्किंगमधल्या पोरांनी विचारलं की बातमी आली की परवानगी मिळेल ना, तर ती चुकत कुठे होती? त्यांनी जे पाहिलं तेच ती बोलली.

यादवांचं नशीब आणि शिस्त अशी की ते स्वतः वैमानिक होते. विमान कशाने पडतं हे त्यांना पोटातून माहीत होतं, म्हणून थांबले. प्रत्येक जण थांबत नाही.

ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी, महागाव तालुका. वेल्डिंगच्या कामात हात बसलेला विशीतला एक तरुण. त्याने घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवलं होतं. बातम्यांत होतं की पंधरा ऑगस्टला तो ते लोकांना दाखवणार होता. जमिनीवरच चाचणी घेत होता, इंजिन चालू, आत बसलेला. पातं तुटलं आणि डोक्याला लागलं. गेला. तो व्हिडिओ तुमच्यातल्या बहुतेकांच्या फोनवर आला असेल. मी एकदा पाहिला, परत उघडला नाही.

त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. पण त्याच्या आधीच्या महिन्यांत त्याला कुणी काय सांगितलं असेल याचा अंदाज मला करता येतो, कारण तसलं मी स्वतः लिहिलेलं आहे. आपल्या पट्ट्यातल्या एका मुलाने जुन्या भागांतून काहीतरी चालतं-फिरतं बनवलं होतं, वर्ष सांगत नाही. मी मथळा दिला होता, 'आपल्या मातीतला राइट बंधू'. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, मथळा वाचकाला ओढणारा हवा. ओढणारा होता. लगेच सत्कार झाला, शाल, श्रीफळ, नगरसेवकासोबत फोटो. त्या यंत्राचा ब्रेक कसा आहे हे मी विचारलं नव्हतं. नशिबाने त्या मुलाला काही झालं नाही. फुलसावंगीची बातमी आली त्या रात्री मला तो मथळा आठवला, आणि अजून आठवतो.

म्हणून पोरांची बातमी अजून लावलेली नाही.

आता कुणी म्हणेल, वांगणीत कुठलं आलंय विमान, हे उद्योग मोठ्या शहरांचे. तसं नाही मंडळी. आपल्या पट्ट्याचं आणि विमानाचं नातं जुनं आहे, फक्त ते चांगलं नाही. नेवाळीची धावपट्टी आठवा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन परत आली नाही. जून २०१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, गाड्या जळल्या, पोलिसांच्या छऱ्यांनी माणसं जखमी झाली. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या धावपट्टीचं भांडण. आणि जुलै २०१९ च्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, हजारावर प्रवासी आत, तेव्हा हेलिकॉप्टर डोक्यावरून गेली होती आणि आपण सगळे रुळांकडे धावलो होतो. यापलीकडे आकाशाशी आपला संबंध काय?

पण हात आहेत. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, तिथे पिढ्यानपिढ्या मायक्रॉनमध्ये काम केलेली माणसं निवृत्त होऊन बदलापूरला फ्लॅटमध्ये बसलीत, सकाळी फिरायला जातात आणि पेपरात चुका काढतात. एमआयडीसीतले टर्नर-फिटर आहेत. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'वर आपण विनोद करतो, पण दिलेली वस्तू बघून हुबेहूब दुसरी बनवायला अक्कल लागते. आणि आता या पार्किंगमधली दोन पोरं. माणसं तिन्ही प्रकारची आहेत, ती एका खोलीत कधी आलेली नाहीत एवढंच.

परवा मी हेच केलं. बातमीऐवजी दोन-चार फोन. कल्याणला एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर विमानांच्या देखभालीत काढलेले, आता सत्तरीला आलेले. त्यांना फोटो पाठवले. मी वेल्डिंगची तारीफ केली होती. त्यांचा दहा मिनिटांत फोन.

"वेल्डिंग चांगलं आहे तेच वाईट आहे," म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. हे जे चांगल्या ताकदीचं ॲल्युमिनियम असतं, ते तापवून-मुरवून कडक केलेलं असतं. तुम्ही त्याला आर्गॉनने जोड मारला की जोडाच्या आजूबाजूची ताकद बरीचशी निघून जाते. वरून चकचकीत, आतून मऊ. गेटला चालतं. जिथे थरथर आहे, वजन आहे आणि खाली माणूस बसलेला आहे, तिथे नाही चालत. म्हणून तर एवढे हजारो रिव्हेट मारत बसतात लोक, हौस म्हणून नाही मारत. मी ज्या जोडावर कौतुकाने बोट फिरवलं होतं, ते नेमकं तेच ठिकाण होतं.

मी पोरांना हे फोनवर सांगितलं. मोठा गप्प झाला. धाकट्याने विचारलं, "मग हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तुम्ही कुणाला विचारलं होतं? तर म्हणाला, "कुणाला विचारायचं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी असं एकही टेबल नाही जिथे जाऊन एखादा पोरगा म्हणेल, साहेब, मी हे बनवतोय, बघून सांगा. पोलिसांकडे गेला तर जप्ती, आमच्याकडे आला तर मथळा. डीजीसीएचं दार यादवांसारख्या कॅप्टनला उघडायला इतकी वर्षं लागली. हा तर आयटीआय. जिल्ह्यात इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, तिथल्या प्रयोगशाळेत पाइप ओढून-ताणून बघायचं यंत्र असतं, ते वर्षभर परीक्षेपुरतं चालतं. महिन्यातला एक शनिवार ते बाहेरच्यांना उघडलं, बाजूला एक निवृत्त फिटर आणि एक निवृत्त विमान-तंत्रज्ञ बसवला, तर किती खर्च येईल? पस्तीस हजार कोटी तर नक्कीच नाही. माझ्या यादीतले आमदार, नगरसेवक, प्राध्यापक हे वाचतायत मला माहीत आहे. कमेंटमध्ये 'अभिमान वाटतो' लिहू नका, कॉलेजचं नाव लिहा.

तोवर पोरांनी दोन गोष्टी कबूल केल्यात. इंजिनाचा पंखा काढून ठेवलाय, तो मामाच्या दुकानात कुलपात आहे. आणि कुणी खुर्चीत बसून इंजिन चालू करायचं नाही, रीलसाठीसुद्धा नाही. दुसऱ्या अटीला जास्त वेळ लागला.

कल्याणचे काका रविवारी यायला तयार झालेत. गुडघे दुखतात, पण रिक्षा नको म्हणाले, सकाळच्या कर्जत लोकलने येतो. येताना स्वतःची हत्यारांची पेटी आणणार आहेत. मी स्टेशनवर घ्यायला जातोय.